युद्धनौकेचं अस्तर

त्या तळ्याच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. पण तेव्हा तिथे वर्षातून दोनदा खेळण्यातल्या युद्धनौकांची खरीखुरी लढाई व्हायची, आणि बावीस वर्षांत कप्तानांची बोट एकाही लढाईला चुकली नव्हती. कप्तान म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले साधे टर्नर. तळ्यावर मात्र ते कप्तानच. सव्वा मीटर लांबीची ती राखाडी बोट त्यांनी स्वतः बांधलेली. रिमोटवर चालायची आणि नळीतून छर्रे उडवायची.

त्या वर्षी लढतीला बारा दिवस उरले असताना कप्तान स्टुलावरून पडले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. गेल्या लढतीत बोटीच्या दोन्ही कुशींची छर्ऱ्यांनी चाळण झाली होती. त्या सोलून नव्या चढवायचं काम पहिल्यांदाच बायकोच्या हाती आलं. बाईंनी चाळीस वर्षं शिलाईचं मशीन चालवलं होतं. त्यांनी मनाशी ठरवलं, काम असं करून दाखवायचं की या माणसाने पुन्हा कधी "तू हात लावू नकोस" म्हणता कामा नये.

कप्तान खुर्चीतून हुकूम सोडत होते. "बरगड्यांवर बाल्सा लाकडाची एक पातळ पट्टी. तिच्यावर एक कागद. लॅकरचा एक हात. बास."

"एवढंच? अहो, शिंकलं तरी फाटेल."

"फाटायलाच हवं."

दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं जड झालंय यांचं, बाईंना वाटलं. साध्या कोटालाही अस्तर नसलं तर त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. ही तर लढाईला निघालेली बोट. दुपारी कप्तानांचा डोळा लागला तेव्हा त्यांनी जुनी मलमल बेतली आणि बरगड्यांच्या मधल्या प्रत्येक खणात आतून चिकटवली. इतकी बेमालूम, की संध्याकाळी कप्तानांनी बोट डाव्या हाताने चाचपली आणि "हं, जमलं" म्हणाले. बाई रात्रभर त्या दोन शब्दांवर खूश होत्या.

लढतीच्या दिवशी पंच म्हणून नेहमीप्रमाणे ड्रॉइंगमास्तर होते. त्यांनी बोट आडवी केली, कुशीवर एक नळी उभी धरली आणि वरून लोखंडी गोळी सोडली. गोळी टण्णकन उडून गवतात पडली.

बाईंनी टाळी वाजवली. दुसऱ्या कुणीच वाजवली नाही.

"नापास," मास्तर म्हणाले.

"अहो, भोकसुद्धा पडलं नाही!"

"म्हणूनच नापास, वहिनी. सगळ्यांच्या बोटींना सारखीच भोकं पडायला हवीत. अर्धा तास देतो. तेवढ्यात पास झाली तर ठीक, नाहीतर या वेळी बाहेर."

हात मोडलेल्या भावासाठी रिमोट धरायला आलेले धाकटे दीर वाकून आत बघत म्हणाले, "वहिनी, बोटीला बंडी शिवलीत की काय?"

कप्तानांनी आतून अंगठा फिरवला. "अस्तर," ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की ओरडले असते तर बरं, असं बाईंना झालं.

"मला एक सांगा," बाई चिडून म्हणाल्या. "फुटेल अशीच करायची, तर नवी करायची कशाला? जुनी चाळणच सोडायची पाण्यात!"

"ती लगेच बुडेल."

"आणि ही नाही बुडणार?"

"हीसुद्धा बुडेल. पण लढून बुडेल."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, दिरांकडे पाहिलं. दोघंही यात न कळण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने उभे. वेड लागलंय ते यांना की मला?

पण उसवणं त्यांना शिवण्याइतकंच येत होतं. पर्समधला चिमटा काढला, कापसावर थिनर घेतलं आणि एकेका खणातली मलमल सोलायला सुरुवात केली. आपलंच सुबक काम आपल्याच हाताने! अठ्ठाविसाव्या मिनिटाला शेवटची चिंधी निघाली. मास्तरांनी पुन्हा गोळी सोडली. टप्प. गोळी आरपार आत गेली. बाई सोडून भोवतीच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडलेलं भोक बुजवून बोट पाण्यात गेली. फट् फट् आवाज झाले, पंपाने पाण्याची चूळ सोडली, बोट कलली आणि दहाव्या मिनिटाला तळाशी गेली. पाठोपाठ समोरचीही बुडाली. लोक कप्तानांचा डावा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. बुडाल्याबद्दल!

दोरीने ओढून बोट वर काढली. मास्तरांनी दोन्ही बोटींची भोकं मोजली. "सहा इकडे, सहा तिकडे. बरोबरी."

"आणि हे?" बाईंनी आपल्या बोटीवर करंगळी टेकवली. "खाली, कागदाच्या सांध्यात. चटकन दिसत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. भोक होतं. पाण्याच्या रेषेखालचं, म्हणजे गुणांच्या हिशोबात सगळ्यात महाग. बरोबरी गेली, कप्तान फेरी हरले.

"वहिनी," दीर कपाळाला हात लावून म्हणाले, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"माझ्या कामातलं भोक मला नको दिसायला?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण उत्तर त्यांचं त्यांनाच पटेना.

कप्तानांनी एका हाताने बोट उचलली आणि निथळती तशीच बाईंच्या मांडीवर पालथी घातली.

"पुढच्या फेरीला वीस मिनिटं आहेत. सात भोकं. बुजव."

"तुम्ही?"

"मी चहा पिऊन येतो." आणि बोट तिथेच टाकून ते खरंच भावाबरोबर निघून गेले. बावीस वर्षांत दोन फेऱ्यांच्या मधे ते बोटीपासून वीतभरही हलले नव्हते.

हा राग होता की काय होतं, बाईंना काही कळेना. मांडीवरून थंड पाणी ओघळत होतं. त्यांनी अंगठ्याने आतून पहिलं भोक शोधलं आणि चिकटपट्टी दाताने तोडली.