जावयाच्या पायांसाठी आणलेला दगड

मी एक जुना पांढरा दगड आहे. माणसांच्या जगात माझी गणती सुरू झाली ती हट्टा गावच्या व्यंकटरावांच्या लेकीचं, नर्मदेचं लग्न ठरलं तेव्हापासून. ते साल १९३८. त्याआधी मी इटलीतल्या एका डोंगरात होतो. तिथं मी सुखात होतो असं म्हणणार नाही, पण तिथं मला माणसांचं बोलणं ऐकावं लागत नव्हतं.

व्यंकटराव मोठे जमीनदार. सोयरीक पक्की करायला ते हैदराबादेस गेले आणि व्याह्यांच्या घरची पांढरी फरशी पाहून आले. गावी आल्यावर त्यांना आपल्या अंगणातला काळा दगड नजरेसमोर नकोसा झाला. बालमित्रांनो, मी त्या काळ्या दगडाशेजारी दहा वर्षं पडून आहे. चार पिढ्यांनी त्याच्यावर धुणं आपटलं, त्याला ओरखडा नाही. पण तो घराजवळच्या खाणीतला होता, म्हणून त्याला किंमत नव्हती. लग्नात जावयाचे पाय विलायती दगडावर धुवायचे, असं व्यंकटरावांनी ठरवलं.

"पाय तर धुवायचे घडीभर," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या. "परात हाय की घरात चांगली."

"परात सगळ्यांकडं असती," व्यंकटराव म्हणाले.

एवढ्या कारणासाठी मला डोंगरातून कापलं, घासलं, लाकडी पेटीत घालून खिळे ठोकले आणि जहाजावर चढवलं.

मला मागवण्याचं काम वसमतच्या गुलाबचंद सेठनं घेतलं होतं. तो कापसाचा आणि हळदीचा व्यापारी. समुद्रापलीकडून त्यानं आजवर काही आणलं नव्हतं, पण मुंबईच्या एका दुकानाशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि तेवढ्यावर तो जाणकार ठरला. दुकानानं दोन भाव कळवले. एक एफ. ओ. बी., म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून देण्याचा. दुसरा सी. आय. एफ. मुंबई. व्यंकटरावांनी विचारलं, "ह्ये दुसरं काय हाय, सेठ?"

"किंमत, विमा आन जहाजाचं भाडं, तिन्ही त्येच्यातच आलं, मालक. बंबईपर्यंत तुमाला काही तकलीफ न्हाई."

"वाटंत फुटला तर?"

"भाडं ज्यानं भरलं, जोखीम त्याची. सीधी गोष्ट हाय."

ती गोष्ट तशी नव्हती. पण गुलाबचंद हे इतक्या ठामपणे बोलला की व्यंकटरावांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सौदा सी. आय. एफ. मुंबईवर ठरला. न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली, पण या दोघांइतक्या समाधानानं कोणी डोलावली नाही.

मुंबईच्या धक्क्यावर ओझं उतरवणाऱ्या यारीची साखळी घसरली आणि मी पेटीसकट खाली आपटलो. पेटी चांगली राहिली. आत मी मधोमध तडकलो. माल ताब्यात घ्यायला गुलाबचंदचा मुनीम आला होता. त्यानं पेटीला एक फेरी मारली, खिळे जागेवर आहेत असं पाहिलं आणि माल सुस्थितीत मिळाला म्हणून सही केली. पेटी उघडली असती तर त्याची वसमतची गाडी चुकली असती. एवढंच कारण. मग आगगाड्या बदलत मी वसमतच्या स्टेशनावर आलो.

तिथून हट्ट्यापर्यंत न्यायला रतनसिंगची बैलगाडी ठरली होती. तो जवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. तांड्यात त्यांच्या वेळेपासून एक रीत होती. गोणीची गाठ आपल्या हातानं बांधली की मुक्कामाला ती सुटेपर्यंत माल आपला. लुटला गेला, भिजला, सांडला, तरी आपला. बैल गेले आणि गाड्या आल्या, पण रतनसिंगच्या घरात ती रीत राहिली.

त्यानं फळ्यांच्या फटीतून हात घालून माझ्यावर बोटाचं पेर वाजवलं. आजवर मला हात लावलेल्यांपैकी याच एका माणसानं मला विचारून पाहिलं.

"सेठजी, आवाज बद्द येऊन राहिला. पेटी खोलून बघा."

गुलाबचंद हसला. "तू दगडाचा वैद्य हाईस काय? मुंबईहून सही होऊन आलाय माल. आता पेटी खोलायची ती मालकापुढं."

"मंग मी न्हाई नेत."

"नको नेऊ. लग्नाला आठ दिवस राहिलेत. मालकाला सांगतो, रतनसिंगला जमत न्हाई म्हून."

रतनसिंगनं बैल जुंपले. मग त्यानं दोर घेतला आणि मला स्वतःच्या हातानं गाडीला बांधलं. इथं तो चुकला. मी कितीही तुच्छतेनं बोललो तरी हे सांगताना माझा आवाज जरा उतरतो.

त्यानं बैलांना वाटेत एकदाही पळवलं नाही. खड्डा आला की खाली उतरून चाकाला खांदा द्यायचा. फुटलेल्या दगडाला इतकं जपून कोणी नेलं नसेल.

हट्ट्याला व्यंकटरावांच्या अंगणात पाहुणे जमले होते. पेटी उघडली. मला उचलताच माझे दोन तुकडे झाले. बायकांनी तोंडाला पदर लावला. लग्नाच्या घरात असं व्हावं, म्हणून कोणी देवाचं नाव घेतलं. गुलाबचंद बरोबर आला होता. तो आधी बोलला, "बंबईपर्यंत साबूत होता. सही हाय."

"मंग कोणाच्या गाडीवर फुटला?" व्यंकटरावांनी विचारलं.

"माझ्या गाडीवर होता," रतनसिंग म्हणाला.

तो एवढंच बोलला. स्टेशनावरची गोष्ट सांगितली नाही. त्याची बायको रूपाबाई लग्नघरी सारवणाला आली होती. ती पुढं होऊन म्हणाली, "सांगा की, काहून गप बसले? तुमी सेठला म्हणले नव्हते का?"

"आवाज ऐकला, तरी बांधला," तो म्हणाला. "बांधला म्हंजे माझा झाला."

गुलाबचंद ओसरीच्या आढ्याकडं पाहत होता. ज्यानं न पाहता सही केली तो मुनीम त्या वेळी वसमतला जेवत असेल. अंगणात एवढी माणसं होती, पण आपल्या हातून गेलेल्या गोष्टीला आपलं म्हणणारा एकच निघाला, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच धरलं. रतनसिंगनं भरपाई म्हणून आपल्या हातानं बैल सोडले आणि व्यंकटरावांच्या गोठ्यात बांधले. गाडीही तिथंच राहिली. दोघं नवराबायको चालत गेली.

लग्न थाटात झालं. जावयाचे पाय परातीत धुतले. पाहुण्यांपैकी कोणालाही दगडाची आठवण झाली नाही.

माझा एक तुकडा विहिरीत गेला. हा दुसरा न्हाणीजवळ काळ्या दगडाशेजारी टाकला. रतनसिंगला त्यानंतर कोणी माल दिला नाही. त्याच्या हातचं फुटतं, असं वसमतच्या बाजारात झालं. पोरं त्याला फोड्या म्हणायची. तो स्टेशनावर पोती उचलू लागला. तिथंही काचेचं, चिनीमातीचं सामान आलं की त्याला बाजूला हो म्हणत.

१९४३ साली जावई सणाला आले. ते आता वकील झाले होते. न्हाणीजवळ पाय धुताना मी विलायती दगड आहे हे त्यांनी ओळखलं. सासऱ्यांकडून सगळी हकिगत ऐकली, जुने कागद मागवले आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचले. त्यावरची अक्षरं मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

"मामा, भाडं कोणी भरलं याचा जोखमीशी संबंध नाही," ते म्हणाले. "एफ. ओ. बी. असो की सी. आय. एफ., तिकडं जहाजावर माल चढला की जोखीम खरेदीदाराची. म्हणजे तुमची. विमा होता तो मुंबईच्या धक्क्यापर्यंत, आणि तोही तुमच्याचसाठी. धक्क्यावर पेटी उघडून तक्रार लिहून द्यायची होती. तिथं तर सुस्थितीत म्हणून सही आहे."

"मंग गाडीवाल्यानं फोडला न्हाई?"

"हा तडा पाहा. कडेपासून आत धूळ मुरली आहे, आगगाडीच्या कोळशाची. ती बैलगाडीत कुठून येईल? म्हणजे तडा त्याच्या आधीचा."

व्यंकटरावांनी कागदांची घडी घातली. मग म्हणाले, "बैल तर विकले."

"बैलांचं नंतर बघा. आधी त्या माणसाला जाऊन सांगा."

"जातो की. एवढी हळद शिजू द्या."

हळद शिजली. ती वाळली आणि वसमतला विकायलाही गेली, तिच्याबरोबर व्यंकटरावही गेले. स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर होतं. ते परत आले.

शालूबाईंना राहवलं नाही. रूपाबाई निंदणाला आली तेव्हा त्यांनी तिला न्हाणीजवळ बसवून सगळं सांगितलं. रूपाबाईनं ऐकून घेतलं.

"मला सांगून काय व्हते, बाई? मला तर त्या दिवशीच ठाव होतं. मालकाला म्हणा, स्टेशनावर या. चार हमालांदेखत सांगा, रतननं फोडला न्हाई म्हून. बैल नको आमाला."

"सांगते," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी सांगितलंही.

पण त्या वर्षी पाऊस कमी होता. पुढच्या वर्षी तब्येत बरी नव्हती. एकदा व्यंकटराव फेटा बांधून निघाले आणि वेशीतून परत आले, कारण हमालांपुढं जमीनदारानं काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही. सत्तेचाळीसनंतर मुलखात धामधूम सुरू झाली, आणि घराबाहेर न पडायला त्यांना अब्रूदार कारण मिळालं. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात भारताची फौज आली आणि ते कारण संपलं. रस्ते मोकळे झाले. व्यंकटराव ओसरीवरच बसून राहिले.

मीही बोललो नाही, मित्रांनो. पण मी दगड आहे. यांना देवानं जिभा दिल्या होत्या.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढं कागद येतील. पेटी उघडून पाहिल्याशिवाय सही करू नका. कोणता शब्द कळला नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि दुसऱ्याच्या माथी मारलेलं खोटं आहे असं कळलं, तर हळद शिजायची वाट पाहू नका. त्याच दिवशी उठा आणि चार माणसांत जाऊन सांगा.

रतनसिंग १९४८ च्या कार्तिकात तांड्यावर तापानं वारला. तोपर्यंत हट्ट्याहून कोणी गेलं नव्हतं.