अ‍ॅक्सलवरचा काळा रंग

ट्रक पुन्हा गॅरेजमध्ये आला तेव्हा त्याच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळून टायरवर उतरले होते, आणि ड्रायव्हरकाका केबिनमधून उतरण्याआधीच ओरडत होते.

"उतारावर ब्रेक दाबला तर गाडी भलतीकडेच ओढली गेली! भिंत हातभर राहिली फक्त. कोणी बसवलं हे सील?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. बहिणीच्या पाठचा म्हणून ज्याला सगळे धाकटा म्हणत, तो गाडीखाली काम करायच्या खड्ड्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता. तेल अडवणारे हे रबरी सील त्याने पुन्हा पुन्हा बदलले होते, आणि दर वेळी तेलाने त्याला खोटे पाडले होते.

"सील वाकडं ठोकतो हा," त्याचे वडील म्हणाले. "हात आहेत की खुंट्या? आजपासून चाकाचं काम जावईबापू बघतील. हा पंक्चर काढेल."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांशी बोलताना त्याचे शब्द घशातच विरत. चाकाच्या आत मात्र, हब, बेअरिंग आणि सील यांच्या त्या काळोख्या, वंगणाने मऊ झालेल्या जगात त्याला कधी अडखळायला होत नसे. तेवढे एक जग त्याचे होते. तेही आता मेव्हण्याच्या हाती जाणार होते.

"मला एकदा बघू द्या," तो म्हणाला.

"बघ की. बघायला तिकीट थोडंच आहे!"

या वेळी त्याने चाक उघडलेच नाही. रॉकेलचा बोळा घेऊन त्याने मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा सगळा अ‍ॅक्सल, दोन्ही चाकांच्या आतल्या बाजू आणि मधला गिअरांचा गोल पेटारा पुसून कोरडा केला, मग त्यावर खडूची पूड फुंकली. तेल जिथून निघेल तिथे पूड आधी भिजेल.

"अरे वा, शाळा भरली!" वडील हसले. "जावईबापू, पाटी आणा."

जावई तोंडावर हात ठेवून हसला. धाकट्याने दात आवळले आणि काकांना गाडी चढावावरून सावकाश फिरवून आणायला सांगितली.

गाडी परतली, तसा तो खाली शिरला. डाव्या चाकाशी पूड भिजली होती. उजव्या चाकाशीही भिजली होती. आणि पुढे, जिथे इंजिनाकडून येणारा फिरता दांडा पेटाऱ्यात शिरतो, त्या तोंडाशीसुद्धा एक काळी रेघ उमटली होती. त्या दोन सीलना त्याने कधी बोटही लावले नव्हते. एक सील वाकडे बसू शकते. तिन्ही एकदम रडत असतील, तर त्यांना आतून कोणीतरी ढकलत असले पाहिजे.

त्याने तेल भरायचे बूच हलकेच सैल केले. आतून तापलेली हवा फुस्स करून बाहेर आली.

आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून अ‍ॅक्सलच्या माथ्यावर एक छोटी टोपी असते, तिला बारीक भोक असते. त्याने वर चाचपले. भोक नव्हतेच. होता तो काळ्या रंगाचा जाड, गुळगुळीत, चकचकीत फुगवटा. त्याने नखाने खरवडले. रंगाच्या थरावर थर निघत राहिले, तेव्हा कुठे भोक मोकळे झाले.

गाडी बाहेर काढण्याआधी अ‍ॅक्सलला रंग मारायची रीत वडिलांची होती. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी समाधान मागतं, असे ते म्हणत. त्या ब्रशला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अशी शिस्त होती.

तो बाहेर आला. आवाज चढला तेव्हा तो त्याचा त्यालाच परका वाटला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात तुम्ही! सील नव्हतं वाकडं. हवा जायचं भोक तुम्ही रंगवून बुजवलंत. दर खेपेला. काका भिंतीवर गेले असते ना, ते तुमच्या ब्रशनं!"

काकांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांचा चेहरा क्षणभर उतरला, मग लाल झाला.

"रंग मी मारला, मान्य. मग इतक्या वेळा खाली लोळलास, तेव्हा तुझे डोळे काय गहाण पडले होते?"

ते वर्मी लागले, कारण खरे होते. वडील दर वेळी 'सील' म्हणत आणि तो दर वेळी सीलकडेच धावे. त्यांच्या टोमण्याने त्याच्या डोळ्यांना झापडे लावली होती, आणि ती त्याने निमूटपणे लावून घेतली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. राग आता कोणावर काढावा, हेही नीट कळेना.

इतक्यात जावई पाना घेऊन चाकाशी वाकला. "सरक, ड्रम मी खोलतो."

"दाजी, पाना खाली ठेवा."

"मी काय सांगितलं ते ऐकलं नाहीस का?" वडील गरजले.

"ऐकलं. आजवर सगळं ऐकत आलो, म्हणून तर हे झालं."

त्याने जॅक लावला, चाक उतरवले, ड्रम ओढून काढला. चाकाला घासून ते थांबवणारे ब्रेकचे लायनर तेलाने चिंब झाले होते.

"धुवून चालतील का रे?" काकांनी हळूच विचारले.

"नाही काका. तेल आत मुरतं. दोन्ही चाकांना नवे घालतो, मगच गाडी हलेल." मग मागे न बघता तो म्हणाला, "दाजी, कपाटातून लायनर काढा. आणि सील."

जावई पाना धरून सासऱ्यांकडे पाहत राहिला. वडिलांनी मान रस्त्याकडे वळवली. जावयाने पाना जमिनीवर ठेवला आणि तो कपाटाकडे गेला.

धाकट्याला त्याचा आनंद झाला नाही. त्याचा संताप अजून उतरला नव्हता. तो उघड्या हबसमोर उकिडवा बसला आणि बोळ्याने त्यावरचे तेल पुसू लागला.