दुसरी किल्ली

नर्सबाईंनी नवऱ्याचं पुष्कळ काही चालवून घेतलं होतं, पण आपली लाल गाडी त्याच्या हाती द्यायची नाही, यावर त्या ठाम होत्या. कारणही तसंच होतं. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरमधली नोकरी संपल्यावर त्या गाडी शिकायला बसल्या, तेव्हा शेजारी नवरा होता. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. पहिल्या वीस मिनिटांत त्याने इतक्या वेळा ‘अगं अगं’ केलं, की बाई गाडी बंद करून उतरल्या आणि पायी घरी आल्या. पुढचं सगळं त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकल्या. स्वतःची छोटी लाल गाडी घेतली आणि तिची दुसरी किल्ली कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवून दिली. नवऱ्याने कधी मागितली नाही. पण कपाटासमोरून जाताना तो उसासा टाकायचा, तो बाईंना बरोबर ऐकू यायचा.

ड्रायव्हरसाहेबांनी मग आपला जीव दुसरीकडे रमवला. एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल आणि खिडक्यांना पडदे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला लांबी होती, चांगली सात मीटर. ते धूड गल्लीबोळात शिरेना.

आणि नर्सबाईंना नेमकं बोळातच जायचं होतं. दोनशे किलोमीटरवरच्या एका गावात, अरुंद चढाच्या टोकाला त्यांची ताई राहायची. पडून खुबा मोडल्यापासून सात महिने ताईने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. ‘रविवारी तुला तळ्यावर नेते, माझ्या गाडीतून, मी चालवत,’ असं बाई फोनवर बोलून बसल्या होत्या. ताईने शुक्रवार उजाडायच्या आत तीनदा वार विचारून घेतला आणि बाहेरचे बूट पुसून दाराशी काढून ठेवले. आता दोनशे किलोमीटर एका दमात चालवणं बाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून टो-बार बसवायचा ठरला. फिरत्या घरामागे पोलादी दांडीने लाल गाडी जोडायची, गावाखाली सोडवायची, आणि वर बाईंनी चालवत न्यायची.

दांडी बसवणारा फिटर मोजकं बोलणारा माणूस होता. दोन दिवस खपून त्याने काम केलं आणि शुक्रवारी दुपारी दोघांना दांडीपाशी उभं केलं.

“काका, काकू, हे काम मी चोख केलंय. पण माणसं जोडताना चुकतात,” तो म्हणाला. “मागच्या मैदानाला माझ्यासमोर दोन फेऱ्या मारा. बिनचूक झाल्या तर न्या. नाहीतर दांडी इथेच राहील. उद्यापासून मी दोन आठवडे लेकीकडे जातोय.”

“बत्तीस वर्षांत बसला ओरखडा नाही माझ्या,” साहेब म्हणाले.

“बसला शेपूट नव्हतं, काका. आणि हे जोडलेलं असताना मागे घ्यायचं नाही. एक फूटसुद्धा नाही. दांडी वाकेल.”

साहेबांचा चेहरा उतरला. गाडी मागे घेणं ही त्यांची खास विद्या होती. डेपोत त्यांचं रिव्हर्स बघायला माणसं चहा सोडून यायची.

नर्सबाईंना मात्र फिटर एकदम पसंत पडला. ऑपरेशननंतर कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे मोठ्याने मोजून घ्यायचे, आणि मोजदाद जुळल्याशिवाय टाका घालू द्यायचा नाही, यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी त्याच्याकडून सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वही नवऱ्यासमोर धरली.

“दोन्ही खिळी आरपार, क्लिपा लावलेल्या?”

“हो.”

“हो नाही. काय बघितलं ते बोला.”

“खिळी आरपार. क्लिपा लागल्या.”

“साखळ्या?”

“दांडीखालून एकीवर एक, फुलीसारख्या. वळायला पुरेशा सैल, जमिनीला टेकत नाहीत.”

दिव्यांची वायर झाली. ब्रेक, उजवा, डावा, सगळे दिवे लाल गाडीवर लागले. हँडब्रेक सोडलेला. गिअर न्यूट्रलमध्ये. किल्ली आत, एक घर फिरवलेली, म्हणजे स्टिअरिंग मोकळं आणि लाल गाडीची पुढची चाकं मिनीबसच्या मागोमाग आपोआप वळणारी. फिटरने मान डोलावली. बाई वही घेऊन वर चढल्या. मिनिटभराने साहेबही चढले, खिशावर थाप मारून आसनावर बसले आणि थांबले. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय त्यांची नोकरीबरोबर गेली नव्हती. बाईंनी नेहमीप्रमाणे घडीच्या टेबलावर दोनदा टकटक केलं.

सरळ रस्ता झकास गेला. पहिल्या वळणाला मागून टायर किंचाळले. फिटर दोन्ही हात वर करून धावत आला.

लाल गाडीची चाकं नाकासमोर बघत घासत आली होती. बाईंनी खिडकीतून आत पाहिलं. किल्ली जागेवर नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी हळूच खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. स्वतःच्याच खिशातून साप निघावा तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

“मी… लॉक करायला गेलो होतो,” ते म्हणाले. “उभ्या गाडीत किल्ली ठेवली तर डेपोत घरी पाठवायचे. हात आपोआपच गेला.”

“टायर वाचलेत,” फिटर वाकून बघत म्हणाला. “पण हे हमरस्त्यावर झालं असतं तर? आता दोन आठवड्यांनी या.”

ताईचे पुसून ठेवलेले बूट त्यांना दिसायला लागले. रागही आला, रडूही आलं, आणि दोन्हींच्या मध्ये नवऱ्याचा पडलेला चेहरा आला. इतकी वर्षं त्यांनी याला चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. मोजदाद बरोबर होती, मोजून झाल्यावर कुणीतरी हात लावला होता. थिएटरमध्ये असं झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, रागवायचं नंतर.

“एक संधी द्या,” त्या फिटरला म्हणाल्या. “रिक्षाने घरी जाऊन येते. वीस मिनिटं.”

परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत चादरींखालची किल्ली होती. ती त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“तुमचा हात काही तुमचं ऐकायचा नाही. खिशात किल्ली लागल्याशिवाय तुम्हाला चढताच येत नाही. ही खिशात ठेवा. हिने दार बाहेरून लॉक करा, आतली आतच राहू दे. आणि मोजून झाल्यावर गाडीपाशी मी शेवटची.”

साहेबांनी किल्ली उलटीसुलटी करून बघितली. “ही मला?”

“तुम्हालाच. हरवू नका.”

सगळी मोजणी पुन्हा झाली, एकही ओळ न गाळता. साहेबांनी दार लॉक केलं, खिशावर थाप मारली. बाईंनी खिडकीतून आतली किल्ली पाहून घेतली आणि चढल्या. टकटक. दोन फेऱ्या झाल्या, लाल गाडी गुमान मागून वळत आली. फिटरने तिसरीही मारायला लावली, निव्वळ बघायला बरं वाटलं म्हणून.

“पन्नास किलोमीटरवर थांबून बोल्ट आवळून बघा,” एवढंच तो म्हणाला.

रविवारी पन्नास किलोमीटरवर ते थांबले. एकदा फाटा चुकला, तेव्हा साहेबांनी रिव्हर्सला हात न लावता निमूट चार किलोमीटर पुढे जाऊन वळसा घातला. गावाखाली लाल गाडी सुटी केली. वर ताई बूट घालून दारातच बसली होती. दोघांनी धरून तिला पुढे बसवलं. साहेब गुडघे पोटाशी घेऊन मागे बसले.

बोळात गाडी वळवायला जागा नव्हती. मागेच घ्यावी लागणार होती, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. बाईंनी गिअर टाकला आणि ‘अगं’ची वाट बघत मान आखडून बसल्या. ‘अगं’ आलं नाही. साहेब मागच्या काचेकडे वळून बसले होते, एक हात खिशावर.

त्यांनी टपाला आतून दोनदा टकटक केलं आणि डेपोतल्या कंडक्टरच्या सुरात म्हणाले, “येऊ द्या. येऊ द्या ड्रायव्हरसाहेब, मागे मी आहे.”