सांडव्यावरची जाळी

अर्शियाने मोबाइल तांब्याला टेकवून रामरावांच्या समोर उभा केला आणि त्यांना टोपी जराशी वर करायला सांगितली. चेहऱ्यावर सावली नको होती. रामरावांनी टोपी वर केली, मिशीवरून हात फिरवला आणि लग्नाच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले.

तिला त्यांच्याकडून फार काही नको होतं. गावचा तलाव फुटून खालची आळी वाहून गेली, त्या दिवशी सांडव्यावर काय झालं एवढं त्यांनी सांगावं. तलावात मासे धरायचा ठेका तेव्हा तिच्या अब्बांचा, हबीबभाईंचा होता. भरल्या पाण्याबरोबर मासे निघून जाऊ नयेत म्हणून ठेकेदार सांडव्यावर जाळी लावतात; पण तिच्यात काडीकचरा अडकला की पाणी तुंबतं आणि बांधावर ताण येतो. पाणी चढू लागलं तसे हबीबभाई धारेत उतरले आणि ती जाळी त्यांनी कापून टाकली. त्यांच्या कमरेची दोरी काठावरून रामरावांनी धरली होती. बांध फुटला तो नंतर, दुसऱ्याच टोकाला. अर्शिया हे लहानपणापासून ऐकत आली होती.

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात मात्र वेगळंच होतं. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तो कोश. गावाच्या पानावर कुण्या बिननावाच्या शहाण्याने उचलली जीभ लावली टाळ्याला: ‘मासे वाहून जातील या भीतीने ठेकेदार हबीब शेख यांनी सांडव्यावरील जाळी काढण्यास नकार दिला व तलाव फुटला.’ अर्शियाने वाक्य पुसलं की ते परत यायचं. पुरावा द्या, म्हणे. त्या वाक्याला मात्र पुरावा होता, वाशीमच्या एका पेपरातली बातमी. ती बातमी वाक्यानंतरची, आणि त्याच पानावरून उतरवलेली. शेवटी त्या पेपरचा वार्ताहर म्हणाला, तिथं हजर असलेल्या माणसाला बोलतं करा, मी छापतो. हजर दोघंच होते, आणि त्यातल्या एकाचं कोण ऐकणार?

गावात दर श्रावणात बुडालेल्यांच्या नावाने तलावाकाठी दिवे लावायची रीत होती. दिवे विझेपर्यंत म्हातारी माणसं आपापली आठवण सांगायची, एकमेकांना खोटं पाडायची, हमरीतुमरीवर यायची. पोरांना त्याचा कंटाळा आला. मग रामरावांचा नातू ऋषिकेश माईकवर ज्ञानकोशातलं ते पानच वाचून दाखवू लागला. सुटसुटीत काम, वाद नाही की तंटा नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण आता पाचही मुखं मिटून भोंगा ऐकायची. हबीबभाईंनी तिकडे जाणंच सोडून दिलं होतं.

“सांगा काका,” अर्शिया म्हणाली.

रामरावांनी सांगायला घेतलं. आभाळ कसं फाटलं होतं, बैल कसे बिथरले होते, सगळं जिथल्या तिथे. अर्शियाला धीर आला. मग ते सांडव्यापाशी पोचले आणि त्यांची बोलीच बदलली.

“ठेकेदार हबीब शेख यांनी जाळी काढण्यास नकार दिला,” ते म्हणाले, “व तलाव फुटला.”

ज्याला जन्मभर ते हब्या म्हणत आले, त्याचं हे नाव.

“काका, अब्बाच्या कमरेची दोरी तुमीच तं धरली होती.”

“म्या?” रामराव विचारात पडले. “नाई बाई. म्या तं गोठ्यात बैल सोडून राह्यलो होतो.”

“तुमच्या हाताले वण आहे त्या दोरीचा.”

त्यांनी तळहात उघडून पाहिला. वण होता. तो अंगठ्याने चोळत त्यांनी बायकोपुढे धरला. पंचफुलाबाई सुपातली तूर निवडत होत्या. त्यांनीही तो नीट निरखला.

“कायचा असंन व हा?” रामरावांनी विचारलं.

“कासऱ्याचा असंन,” त्या म्हणाल्या.

रामराव खोटं बोलत असते तर अर्शिया भांडली असती. पण ते खोटं बोलत नव्हते. तिच्यासाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि तेच तिला सोसवेना. चहा घेतल्याशिवाय त्यांनी तिला उठू दिलं नाही.

घरी हबीबभाई अंगणात फाटकं जाळं सांधत बसले होते. ठेका केव्हाच गेला होता, आता ते दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून देत. अर्शियाने चिडत, रडत सगळं सांगितलं. ते रामरावांना चार शिव्या घालतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त पानावरचं ते वाक्य वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“रामराव खोटं बोलनार नाई,” ते म्हणाले.

“भुलले ते, अब्बा.”

“हाव.” त्यांची सुई थांबली. “अर्शिया, कापली होती ना म्या जाळी?”

तलाव फुटला तेव्हा अर्शिया जन्मलीही नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनीच सांगितलेलं. हबीबभाई तिच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत राहिले.