कोंड्यावर वाढवलेले

प्रयोगशाळेत तिला सगळे कोंडाताई म्हणत. म्हणणारच. आठ महिने बाईच्या एप्रनवर, केसांत, अगदी डब्याच्या झाकणावरही गव्हाचा कोंडा.

सासूबाईंच्या आंबवलेल्या भाजीच्या बरणीतून तिने एक जिवाणू वेगळा काढला होता. कोंड्यातला चिवट तंतू त्याला पचे, पण जेमतेम. मग तिने त्याची साखर बंद केली. रोज जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीतल्या कोंड्याच्या पाण्यात. ज्याला तंतू फोडता येईल तो तगेल. दर सोमवारी ती तंतूच्या थरावर जिवाणूचे ठिपके वाढवलेल्या बशीत लाल रंग ओते. तंतू पचला तिथे रंग धरत नसे, ठिपक्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं पडे. पहिलं खळं दोन मिलिमीटरचं होतं, आता अकराचं. दहाच्या वर असेल तर पशुखाद्यवाले जिवाणू घेणार होते आणि तिची नोकरी टिकणार होती. शुक्रवारी ते बघायला येणार होते.

त्याआधीच सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. पाच दिवसांची रजा दहावर गेली. कोंडाताईने कोंड्याच्या पाण्याच्या पाच नळ्या भरून काचकाकूंकडे दिल्या होत्या. काकू काचसामान धुवायच्या, पण हात देवासारखा स्थिर. "काकू, रोज एक थेंब. मरू द्यायचं नाही, बस."

मंगळवारी ती परतली, तर काकू दारातच. "ये गं ये! बघ तुझी पोरं कशी बाळसं धरून आहेत!"

नळी दुधासारखी दाट झाली होती. कोंड्यावर ती अशी कधीच झाली नव्हती.

"काकू, हे कशावर वाढवलंत?"

"तुझ्या नळ्या संपल्या. म्हटलं, तू दवाखान्यात, कशाला फोन करून घोर लावा? वरच्या फळीवरचं साखरेचं पाणी दिलं. आठ महिने उपाशी गं बिचारी! कशी तुटून पडली!"

सोड्याने सोललेले ते हात बघून तिला रागावताही येईना.

बुधवारी तिने बशीत रंग ओतला. या कडेपासून त्या कडेपर्यंत लालच लाल. आयतं मिळाल्यावर तंतू फोडणारे मागे पडले होते, आळशी तेवढे फोफावले होते. गोठवून ठेवलेली एकच नळी होती, चौथ्या महिन्यातली, चार मिलिमीटरची. त्यानंतरची ठेवू, ठेवू म्हणता राहून गेली होती.

"चार घेऊन मी पशुखाद्यवाल्यांसमोर कसा उभा राहू?" प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. मग चष्मा पुसत बसले.

तरी तिने दाट नळीतला एक थेंब कोंड्याच्या पाण्यात सोडला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

घरी सासूबाई पडल्यापडल्या म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या बरणीतली मंडळी काय म्हणतायत?"

"मजेत आहेत."

"खायला घालतेस ना नीट?"

"हो," ती म्हणाली आणि त्यांची उशी सारखी करत राहिली.

शुक्रवारी सकाळी कोंडा तळाशी बसला होता, वर पाणी जसंच्या तसं, काहीच वाढलं नव्हतं. काकूंनी नळी खिडकीशी धरली.

"अगंबाई, किती नितळ दिसतंय गं!"

खाली फाटकात गाडी वळल्याचा आवाज आला. कोंडाताईने एप्रन झटकला. कोंडा काही निघेना.