एका माणसाचं दही

कॅनडाला निघायच्या दिवशी माझ्या घरात दही शिल्लक राहत नाही. सकाळीच फ्रिज रिकामा करायचा, पुसायचा आणि दार उघडं राहावं म्हणून त्यात लाटणं अडकवायचं. उरलेली दह्याची वाटी शेजारच्या वसुधाकडे द्यायची. निघताना ती त्यातलंच चमचाभर आमच्या दोघांच्या हातावर ठेवते. हिवाळ्यात परत आलं की तिच्याकडूनच विरजण मागून आणायचं. मनीष तिकडे स्थिरावल्यापासून हेच चाललंय.

यंदा मला जायचं नव्हतं. संक्रांतीलाच मी ह्यांना, म्हणजे जयसिंगरावांना, सांगून टाकलं होतं, "मनीषला सांगा, आई थकली." ह्यांनी पेपराआडून नुसतं 'हूं' केलं. त्या 'हूं'वर माझा सगळा संसार झालाय, त्यामुळे त्याचा अर्थ मला पाठ आहे : काहीही होणार नाही. मी स्वतः सांगू शकले असते म्हणा. पण फोनवर मधुरिमा, आमची नात, "आजी, तू कधी येणार?" म्हणाली की माझ्या तोंडून 'येते हं लवकर' निघून जायचं.

तिकडे दुःख असं काही नाही. सून रुपाली चांगली आहे, तळघरातली आमची खोली उबदार आहे. सकाळी डबे, मग मशीनमधली भांडी काढून लावणं, मग पोळ्या, मग काचेतून बर्फाकडे बघत बसणं आणि दुपारी मधुरिमाला शाळेच्या बसवरून आणणं. फोडणी द्यायची तर आधी खिडकी उघडा, खिडकी उघडली की घर गार पडतं. हे मॉलमधल्या बाकावर इतर रिटायर्ड मंडळींबरोबर बसतात. तिथे प्रत्येक जण आपापल्या गावचं हवामान सांगतो. मी कामानं थकलेली नाही. दोन घरं असून एकाही घरात माझ्या हातची लोणच्याची बरणी भरलेली नसते, त्यानं थकलेय. इथे आमच्या मोहल्ल्यात, छत्रीबागेत, कैऱ्या धरायला लागतात आणि आम्ही बॅगा भरतो.

निघायच्या दुपारीही मी दिवाणावर जुन्या चादरी टाकत होते. मनातल्या मनात ह्यांचा उद्धार चालला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून फ्रिजची घरघर ऐकू आली. जाऊन बघते तर लाटणं ओट्यावर, फ्रिज सुरू, वसुधाकडे दिलेली वाटी परत आलेली आणि गॅसपाशी हे उभे. पातेल्यात दुधाचा पार चोथा झालेला.

"हे काय चाललंय? आत्ता टॅक्सी येईल."

"दूध फट गया यार," हे म्हणाले. "दही लावत होतो."

"उकळत्या दुधात? आणि कशाला?"

"तुझ्यासाठी. उद्या परत वसुधाकडे जामण मांगायला कशाला जायचं?"

मला काही उमगेना. दाराकडे बघितलं. तिथे ह्यांची एकट्याचीच बॅग होती; माझी ह्यांनी परत आत नेऊन ठेवली होती.

"काल मनीषशी बोललो. बोललो, तुझी आई थक गई है, यंदा मी अकेलाच येतो. मंगला, तुझं तिकीट कॅन्सल केलंय."

"काल? आणि मला आज सांगताय?"

"काल सांगितलं असतं तर रात्रभर रडली असतीस आणि सकाळी बॅग घेऊन उभी राहिली असतीस."

ते खरंच होतं. मी विचारलं, "मनीष काय म्हणाला?"

"विचारतो, पोळ्या कोण करेल? मी बोललो, सीख लूंगा, एवढी वर्षं बँक चालवली आहे." त्या चोथ्याकडे बघून ह्यांना स्वतःलाच हसू आलं.

"आपण दोघंही थांबू," मी म्हटलं.

"मग पोरीला बसवरून कोण उतरवेल? एकाला तो जाना पडेगा, मंगला."

असा राग आला ह्यांचा, आणि जीवही तुटला. मी जायचं नाही म्हणत होते तेव्हा माझ्या मनात आम्ही दोघं होतो. तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

पिशवीत उरलेलं दूध मी कोमट करायला ठेवलं. सवयीनं रोजचं मोठं पातेलं काढलं, तर हे हळूच म्हणाले, "छोटी वाटी घे. एका माणसाला किती लागतं?"

मी वाटी घेतली. विरजण लावलं, झाकण ठेवलं. बाहेर हॉर्न वाजला.

वसुधा दारात आली होती. एकच बॅग बघून ती तिथेच थबकली. मग म्हणाली, "काकू, आज तुम्ही द्या."

निघणाऱ्याच्या हातावर दही घरात राहणाऱ्यानं ठेवायचं असतं. मी ह्यांच्या तळव्यावर चमचाभर दही ठेवलं. ह्यांनी ते चाटून घेतलं, "येतो" म्हणाले आणि टॅक्सीत बसले. मग काच खाली करून विचारलं, "मधुरिमाला दहीभात लागतो. दूध कोमट झालं, हे कळतं कसं?"

"बोट बुडवून बघायचं," मी म्हटलं. "पोळायला नको."

ह्यांनी मान हलवली. टॅक्सी निघाली, आणि दह्याचा चमचा माझ्या हातातच राहिला.