तीन महिन्यांचं काम

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेंटरना आडपडदा न ठेवता सांगितलं, "घर बदलायचं मनात असेल तर आत्ताच बदला. अजून वर्षभर थोडंफार दिसेल. तेवढ्यात नवं घर डोळ्यांनी पाठ करून घ्या. पुढे मग हातापायांना जड जात नाही."

बाहेर आल्यावर पेंटर बायकोला म्हणाले, "शाळेत एक कविता धड पाठ झाली नाही, आणि आता म्हणतात घर पाठ करा." ती हसली. त्यांना ती हसायला हवी होती, म्हणून हसली.

तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. पट्टी न लावता ओळ अशी सरळ जायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. दोघं चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत, आणि त्या जिन्यात पेंटर वर्षभरात दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा मनगट सुजलं तेव्हा तिने ठरवलं, की आता तळमजल्यावरचं, आपल्या मालकीचं घर घ्यायचं. पुन्हा कुणी 'खाली करा' म्हणणार नाही असं.

घर मात्र लवकर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. विकणारी बाई निवृत्त नर्स होती, अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवरा गेलेला, आणि आता मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला जायचं होतं. पहिल्याच भेटीत पेंटर भिंतीला नाक लावून खोलीभर फिरले. खिडकीची चौकट, दाराची कडी, स्वयंपाकघराची पायरी, सगळं जवळून बघितलं.  सिस्टरने आयुष्यभर आजारी माणसंच पाहिलेली, तिला न सांगता कळलं.

"कागद सरळ असतील तर तीन महिन्यांचं काम," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर फायलींची एवढी चळत होती की पलीकडे फक्त चष्मा दिसायचा.

"आणि सरळ नसतील तर?"

"तर मग मला महिने विचारू नका."

कागद सरळ नव्हते. जुन्या नोंदी काढल्यावर कळलं, की घर सिस्टरच्या नवऱ्याच्या आणि त्याच्या धाकट्या भावाच्या, दोघांच्या नावावर होतं. भाऊ तीस वर्षांपूर्वी भांडून परदेशी गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. सिस्टर तर ते विसरूनच गेली होती. आता त्या भावाने आपला हक्क सोडल्याचं लिहून दिल्याशिवाय घोडं पुढे सरकणार नव्हतं. त्याला पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेही त्याच्या मुलाचं. वडील वारले, आता आम्ही दोघं भावंडं. मुलाने सही करायला लगेच होकार दिला. मुलीने दिला नाही. तिने विचारलं, बाबा याच घरात जन्मले का? घराचा एक फोटो पाठवाल का?

त्या मुलीवर रागवावं की तिच्यासाठी वाईट वाटून घ्यावं, हे पेंटरच्या बायकोला कळेना. तिने स्वतः जाऊन घराचे फोटो काढून पाठवले. त्यावरही उत्तर येईना.

चौथ्या महिन्यात सिस्टरचं जायचं ठरलं. सामानाची गाडी दारात उभी असताना तिने पेंटरच्या बायकोला आत बोलावलं आणि तिच्या हातात किल्ली ठेवली.

"हे बघ, राहायला येऊ नका. पण यांना दुपारचं आणत जा. फिरू दे घरात. कागदांना वेळ लागतो, डोळे थांबत नाहीत."

तिला भरून आलं. किल्ली पदरात घट्ट धरून ती घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिचे पाय वकीलबाईंकडे वळले. आजवर कुणाची टाचणीसुद्धा न विचारता घेतलेली नाही, त्यातली ती.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तुमची अडचण मला कळते हो. पण ती पुतणी अजून गप्प आहे. उद्या ती म्हणाली की तुम्ही परस्पर घरात शिरलात, तर सगळं कोर्टात जाईल. कर्ज देणारी बँकही मागे सरेल. मग वर्षं मोजावी लागतील."

"नुसतं फिरायचंय त्यांना."

"माहीत आहे. तरी मी हो म्हणणार नाही."

तिने किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. पेंटरना यातलं काही सांगितलं नाही. सांगून काय, त्यांच्या जिवाला घोर.

सातव्या महिन्यात पुतणीची संमती आली. मग जुन्या खरेदीखतात सिस्टरच्या नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं निघालं. ते दुरुस्त होतंय तोवर नकाशात मागचं अंगणच नाही असं कळलं, आणि मोजणीदाराची तारीख मिळेना. तेवढ्यात बँकेच्या मंजुरीची मुदत संपली, तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून. धुलाईखान्यातली पाळी संपली की ती कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे रांगेत उभी. चपलेचे दोन जोड झिजले. घरी आली की पेंटर विचारायचे, "आज काय म्हणाले साहेब?" आणि ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात नक्की."

तिच्या लक्षात काही आलंच नाही असं नाही. पेंटरनी पेपर वाचणं सोडलं. म्हणाले, "रोज तेच तेच छापतात." मग काम बंद केलं. म्हणाले, "आता सगळे छापील पाट्या लावतात, हाताने कोण रंगवून घेतंय?" हे खरंही होतं, म्हणून तिने मानलं. रविवारी दोघं बसने जाऊन ते घर बाहेरून बघून यायची. पेंटर फाटकाला हात लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "खिडकीचा रंग गेलाय, आल्या आल्या द्यायला हवा." आधीच्या रविवारी हे आपणच त्यांना सांगितलं होतं, हे तिला आठवायचं. मग ती दुसरंच काही बोलू लागायची.

चौदाव्या महिन्यात नोंदणीची तारीख मिळाली.

कचेरीत गर्दी होती. सिस्टर मुलीबरोबर आली होती, वकीलबाई होत्या. घर दोघांच्या नावावर व्हायचं होतं, म्हणून आधी तिने सही केली. मग अधिकाऱ्याने कागद पेंटरपुढे सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे."

पेंटरनी पेन उचललं. पाटीवर पहिलं अक्षर काढण्याआधी थांबायचे तसे क्षणभर थांबले, आणि एका दमात सही केली. अक्षर तेच, वळणदार, डौलदार. पण सही पडली ती कागदाच्या मधोमध, छापलेल्या मजकुरावर.

 अधिकाऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्यापुढे आपला हात हळूच हलवून पाहिला. पेंटर सरळ समोर बघत होते.

"आजोबा, दिसत नाही का तुम्हाला?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

"नाही," पेंटर म्हणाले.

अधिकारी भला माणूस होता. दुसऱ्या तारखेला पाठवलं नाही. वकीलबाईंनी ते पान तिथेच पुन्हा काढून घेतलं, सगळा दस्त पेंटरना वाचून दाखवला. मग अधिकारी जरा चाचरत म्हणाला, "अंगठा घेऊ या, म्हणजे पुढे कुणी शंका काढणार नाही."

ज्या माणसाने अर्ध्या गावाची नावं लिहिली, त्याचा अंगठा तिने स्वतः धरून शाईच्या पॅडवर टेकवला.

बाहेर बाकावर दोघं बसली. घराची किल्ली आता तिच्या पिशवीत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"चार महिने झाले असतील. आधी कडा गेल्या, मग मधलं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू रोज पळत होतीस. अजून कुठे पळवायचं तुला?"

मग तिला राहवेना. सिस्टरने जाताना दिलेली किल्ली आपण वकीलबाईंकडे ठेवून आलो, हे तिने त्यांना सांगितलं. पेंटर शाई लागलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळू लागले.

"बरोबर केलंस," ते म्हणाले.

आपण बरोबर केलं हे तिला ठाऊक होतं. तिने पदराने त्यांच्या अंगठ्यावरची शाई पुसायला घेतली.

पुढच्या आठवड्यात सामान हललं. ती पेंटरना हाताला धरून घरभर फिरवायची. इथून चार पावलं, इथे पायरी, हे दार आत उघडतं. ते मुकाट्याने शिकत होते. कपाळाला दोनदा टेंगूळ आलं.

एक गोष्ट तिला काही दिवसांनी उमगली. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाताना पेंटर सरळ जात नसत. खिडकीपाशी आले की डावीकडे वळून, काहीतरी चुकवल्यासारखे, वळसा घालून जात. तिथे तर मोकळी फरशी होती.

"अहो, तिथे काही नाही. सरळ या की."

"तिथे कपाट आहे ना? मोठं, लाकडी."

ते सिस्टरचं कपाट होतं. ती ते सोबत घेऊन गेली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. पेंटरनी हे घर जे काही डोळ्यांनी पाहिलं ते सिस्टरच्या सामानासकट, आणि तसंच पाठ केलं होतं.

 दुपारी तिने शेजारच्या दोघांना हाक मारली, आतल्या खोलीतलं आपलं कपडे ठेवायचं कपाट ओढत बाहेर आणवलं आणि खिडकीपाशी उभं करवलं. आवाज ऐकून पेंटर विचारू लागले, काय चाललंय.

"काही नाही," ती म्हणाली, "आतल्या खोलीत अडचण होत होती."